दादा, फेरपरीक्षा शुक्रवारी आहे

ती. शहादेवदादांच्या पायांवर धाकट्या बहिणीचं, कडूचं डोकं.

इकडे मी, मालक आणि शेळ्या धडधाकट आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? वैद्यांनी दिलेलं तेल चोळता, की बाटली कोनाड्यात ठेवून रोज नुसतं तिच्याकडे बघता? बायनावहिनींना नमस्कार. घरात फोन असताना हिने पत्र कशाला लिहिलं, असं तुमच्या मनात आलं असेल. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही म्हणून. कागदाला मध्येच तोडता येत नाही, तेव्हा चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा.

मी पशुसखी होण्याच्या वर्गाला जाते हे तुम्हाला माहीत आहे. गावातल्या शेळ्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायचं आणि केलेल्या कामाची नोंद मोबाइलवर करायची, असं ते काम. परीक्षा टॅबवर होते (टॅब म्हणजे पाटीएवढा मोबाइल. पाटीवर थुंकी लावून पुसता येतं, याच्यावर तसं केलं की सर ओरडतात). वस्तीवरच्या बाया हसल्या. सुना आल्या आणि ही आता शाळेत चालली, म्हणाल्या. हसू देत. गेल्या साली कोवळं हिरवं गवत खाऊन माझ्या सगळ्यात धष्टपुष्ट शेळ्या संध्याकाळी भरल्या पोटी बसल्या त्या सकाळी उठल्याच नाहीत. तुम्ही म्हणालात, नजर लागली. मालकांनी उरलेल्यांच्या गळ्यात काळे दोरे बांधले (त्यातली एक दोऱ्यासकट गेली). वर्गात सरांनी त्या रोगाचं नाव सांगितलं, आंत्रविषार. पावसाळ्याच्या आधी त्याची लस टोचतात, असंही सांगितलं. मला तिथेच रडू आलं, आणि घरी येईपर्यंत रडण्याचा राग झाला. सगळा जन्म शेळ्यांमागे गेला आणि एवढी एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. त्याच दिवशी ठरवलं, हे पुरतं शिकल्याशिवाय सोडायचं नाही.

आता परीक्षेत काय घडलं ते सांगते. वर्गात सगळ्यांच्या फोनची धून एकच होती. एकीचा वाजला की सगळ्या जणी पिशव्या उपसायच्या. म्हणून सर म्हणाले, प्रत्येकीने आपली वेगळी धून लावा. मला गाणी सगळी सारखीच वाटतात. मग जो आवाज ओळखायला मी जन्मात चुकणार नाही तो लावला, म्हणजे माझाच. दिवस मावळताना शेळ्यांना माघारी बोलावायला मी जी हाळी देते ती फोनमध्ये भरली आणि धून म्हणून लावली. कुणाला न विचारता लावली, दादा! सरांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली (सर शहरातले आहेत). हे परीक्षेच्या आदल्या दिवशीचं.

परीक्षा ग्रामपंचायतीच्या सभागृहात होती. मागे ओढा आहे, तिथे मालक शेळ्या घेऊन बसले होते. परीक्षेच्या बाईंनी फोन बंद करून खिडकीतल्या टोपलीत ठेवायला सांगितले. मी काच काळी केली आणि फोन बंद झाला असं समजले. मी निम्मा पेपर सोडवला आणि तेवढ्यात तुमचा फोन आला.

खिडकीतून माझी हाळी ओढ्यापर्यंत गेली. उचलला नाही की लगेच पुन्हा लावायचा ही तुमची सवय, त्यामुळे वाटेत ज्या शेळ्या घुटमळल्या होत्या त्यांचीही खात्री पटली. मालक मागून ओरडत धावत होते, पण शेळ्या त्यांचं ऐकत नाहीत (या बाबतीत शेळ्यांचं आणि माझं एकमत आहे). सगळा कळप दारातून आत आला. बोकडाने पाहुण्यांसाठी आणलेला हार खाल्ला. बांडी शेळीने माझ्या टेबलावर पाय ठेवले, टॅब हुंगला आणि ओल्या नाकाने दोन प्रश्न सोडवून टाकले (एक बरोबर निघाला). बाई खुर्चीवर चढून विचारत होत्या, "या कुणाच्या आहेत?" शेळ्या माझ्याभोवती गोळा झालेल्या. मी नाही कशी म्हणणार? माझा पेपर रद्द झाला.

तुम्ही कशासाठी फोन केला होता ते संध्याकाळी कळलं. "कडू, कावून या वयात डोस्कं शिनवून घेतीस? लई झालं आता, सोड त्यो नाद." दादा, तुमचा मान ठेवून सांगते, सोडणार नाही. शुक्रवारी फेरपरीक्षा आहे. त्यात नापास झाले तर पुढच्या तुकडीत बसेन, आणि तीत नापास झाले तर तिच्या पुढच्या. फोन खरोखरचा बंद कसा करतात तेही शिकले आहे. रोज सकाळी दुधी भोपळ्याला सुईने पाणी टोचून हात बसवते. मालक रोज दुधीची भाजी खाऊन कंटाळलेत, पण ताटात टाकत नाहीत.

गुडघ्याला तेल लावा.

तुमची,
कडू

ता. क. शुक्रवारी मालकांना डोळे दाखवायला अंबाजोगाईला जायचं आहे. शेळ्या राखायला माणूस नाही. तुम्ही गुरुवारच्या गाडीने या आणि सकाळीच त्यांना लांबच्या माळावर न्या. नाही म्हणू नका, दादा. या वेळी मला पास व्हायचंच आहे.

दुसरा ता. क. बायनावहिनींना सोबत आणा. त्यांचं आधार कार्ड आणि दोन फोटोही आणा, कारण परीक्षेला आम्ही दोघी बसणार आहोत. सरांची परवानगी मी काढली आहे. दुपारी तुम्ही झोपलात की वर्गात शिकलेलं मी त्यांना फोनवर सांगायचे आणि त्या ते पाठ करायच्या. अजून पटत नसेल तर ऐका. यंदा तुमच्या कळपातली एकही शेळी दगावली नाही, हे तुम्ही सगळ्या भावकीत मिशीला पीळ देऊन सांगता. पावसाळ्याच्या आधी तुम्ही आष्टीच्या बाजाराला गेलात, त्या दिवशी वहिनींनी दवाखान्याचा माणूस बोलावून सगळ्या कळपाला लस टोचून घेतली होती.