वेळ तू सांगायचीस

पांढरकवडा,
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय दीपाताई,
सप्रेम जय भीम.

मी फोन उचलत नाही आणि वर ब्रेलमध्ये पत्र धाडते, म्हणून तुला नवल वाटेल. ब्रेल तू माझ्यासोबतच शिकलीस, त्यामुळे बोरी अरबला तुझ्या घरात तुझ्याशिवाय हे कोणी वाचू शकणार नाही. तेच बरं.

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा थंडीत धरला होता, आता चालते. बाबा रोज हायवेवरच्या ट्रक-बॉडीच्या कारखान्यात जातात. सुतारकाम झेपत नाही, पण घरी बसवत नाही म्हणतात. तुझी शाळा कशी आहे? पोरं ऐकतात का?

रविवारी विहारात माझा सत्कार झाला. इंद्रजितदादा माइकवर म्हणाले, "आपली रुपाली अंधांच्या बुद्धिबळात जगात चौथी आली." टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर मागून कोणी तरी बोललं, "शेवटच्या डावात भेली म्हनते, नाही त पदकच होतं." घरी येताना आईने विचारलं, "खरंच भेलीस काय वं?"

मी म्हणाले, हो, घाबरले.

हो म्हणाले ते तुला वाचवायला नव्हे, ताई. तुझ्याबद्दल ते वाक्य मला तोंडातून काढताच आलं नाही.

जॉर्जियातला तो हॉल मला अजून आठवतो. समोर पोलंडची मागदा. माझ्याकडे एक प्यादं जास्त, हत्ती तिच्या राजाच्या मागे घुसलेला. बोटं पटावरून फिरवली की जिंकलेला डाव हाताला लागत होता. फक्त शांतपणे मोजायला वेळ हवा होता. माझं बोलणारं घड्याळ त्याच दिवशी बंद पडलेलं. दुसरं मिळालं नाही, म्हणून पंचांनी तुला माझ्या बाजूला बसू दिलं. बोलायची परवानगी फक्त वेळेपुरती. मी विचारायचं आणि तू सांगायचं.

मी विचारलं. तू कानाशी येऊन म्हणालीस, "दोनच मिनिटं रायली, रुपे."

मला वाटलं, एवढी कशी विचारात बुडाले? पण तू सांगितलंस म्हणजे संपलं. लहानपणी तू "उतर, पायरी आहे" म्हणायचीस आणि मी काठी न टेकवता पाय टाकायची, तसंच. दोन मिनिटांत तो डाव संपवणं शक्य नव्हतं. मी बरोबरी मागितली. माझा शब्द पुरा व्हायच्या आत मागदाने माझा हात धरला. तिचा हात घामाने ओला होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

अर्ध्या गुणाने पदक गेलं. पहिल्या तिघींना वर्षभराचं परदेशातलं प्रशिक्षण होतं, तेही गेलं. परतीच्या विमानात तू माझ्या डोक्यावरून हात फिरवत होतीस. म्हणालीस, "जाऊ दे, नशीब." मी तुझ्या खांद्यावर रडले ना गं!

मग मागच्या महिन्यात नागपूरच्या राखीचा फोन आला. आमच्या संघातली, ती तुला चांगली ओळखते. सहज म्हणाली, "मागदा मला विचारत होती, तुमच्या रुपालीने बरोबरी का दिली? तिच्याकडे तर अर्धा तास होता." मागदाचं बोलणारं घड्याळ बंद पडलं नव्हतं, ताई. तिला दोघींचाही वेळ ऐकू येत होता.

मी राखीशी भांडले. मागदाला खोटारडी म्हणाले. मग तुला फोन केला. मला वाटत होतं, तू हसशील, म्हणशील की घड्याळ बघताना चूक झाली. तेवढं म्हणाली असतीस तर मी मानलं असतं. शप्पथ, लगेच मानलं असतं.

 तू म्हणालीस, "तू जिंकली असतीस त मले अजून वर्षभर तुह्यासंगं राहा लागलं असतं. नोकरी तवा नुकतीच लागली होती. सासरी रोज बोलनं ऐकून घेतो मी. मले कोनी कधी इचारलं काय, तुले जायचं हाय का म्हनून?"

मी फोन ठेवला. तेव्हापासून तुझ्या त्या प्रश्नाला उत्तर शोधते आहे. नाही विचारलं. आईने नाही, बाबांनी नाही, मीही नाही. लग्नानंतरही सामान बांधताना आम्ही दोघींचं बांधलं. ते चुकलंच.

पण ताई, तू थकलीस हे मला सांगायचं होतंस. निघताना, विमानात, हॉलच्या दारात. मी रागावले असते, रुसले असते, आणि दुसरी सोबत शोधली असती. तू माझा डाव घेतलास, आणि वर मला माझीच चूक वाटू दिलीस. इतके महिने मी रोज तो डाव पुन्हा मांडत होते, की आपण कुठे रेंगाळलो. तू फोनवर ऐकायचीस आणि म्हणायचीस, "नको त्रास करून घेऊ."

पुढच्या महिन्यात मी आशियाई स्पर्धेला जाते आहे. सोबत राखीची मामेबहीण नलू येईल. भली पोरगी आहे. काल सरावात तिने वेळ सांगितली, मी पुन्हा विचारली, मग तिसऱ्यांदा. ती म्हणाली, "रुपालीताई, मी कायले खोटं बोलू?" मला तिची माफी मागावी लागली. हे तू माझ्यात ठेवून गेलीस.

तू आता मोकळी आहेस. शाळेत मन लावून शिकव. यात टोमणा नाही. पण आई अजून लोकांना सांगते की माझी धाकटी भेली. ते मी खोडणार नाही. ते तू येऊन खोडायचं आहेस, तिच्यासमोर बसून, तुझ्या तोंडाने. मी त्या वेळी खोलीत असेन. तुझा आवाज खरं बोलताना कसा लागतो, तो मला पुन्हा ओळखायचा आहे.

आल्याशिवाय फोन करू नकोस.

तुझ्या शब्दावर जिंकलेला डाव सोडून उठलेली,
रुपाली