फाईल आढळली नाही

प्रिय भुंगाबाई,

सापडली. तुझी फाईल सापडली. आधी एवढं लिहून टाकते, बाकीचं मागून येईल. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत, पण घाईच एवढी आहे त्याला मी काय करू? कँटीनमधल्या खिडकीजवळच्या टेबलावर बसलेय, दुपारचे चार वाजलेत, समोरचा चहा कधीच गार झालाय. घरी जाताना वाट वाकडी करून हे पत्र तुमच्याकडे, तुझ्या आईच्या, काकूंच्या हातात ठेवणार आहे. फोन केला असता, पण दोन वर्षांत तू माझा एकही फोन उचलला नाहीस आणि त्याबद्दल तुला बोल लावायला मला तोंड नाही. त्यावर येतेच मी. आधी ही बातमी तरी सांगू दे, माझ्या पोटात मावत नाहीये.

तेच गं, दवाखान्यांचं ॲप, ज्यात पेशंट आपापले रिपोर्ट बघतात. कंपनीवाले छातीठोकपणे सांगायचे की आम्ही फोनमध्ये काहीही ठेवत नाही. आणि तू एकटी सांगत होतीस की ठेवतात. ॲप चालू असताना एक फाईल तयार होते, तिच्यात पेशंटचं नाव, आजार, अगदी पासवर्डसुद्धा, सगळं उघडंवाघडं, आणि मग ती गुपचूप पुसली जाते. पण आपण पडलो ॲपची तपासणी करणारी माणसं. आपल्याकडे हातात फाईल लागते, नुसत्या शब्दाला कोण विचारतो? तुझ्या हातात फाईल नव्हती. चुकली म्हणाले असते तर एक वेळ चाललं असतं, पण तुला खोटी ठरवलं. नाव कमवायला काहीतरी रचलं म्हणाले, राजीनामा लिहून घेतला, आणि त्यानंतर या कामात कुणी तुला दारात उभं केलं नाही. मध्ये काकू बाजारात भेटल्या होत्या. म्हणाल्या, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसते, बरी आहे. बरी आहे म्हणताना त्या माझ्याकडे न बघता पिशवीतल्या भाजीकडे बघत होत्या.

आता ऐक. त्याच ॲपची नवी आवृत्ती तपासणीला आली आणि नेमकी माझ्याच टेबलावर येऊन पडली. माझे दोन्ही चांगले फोन दुसऱ्या कामात अडकलेले. जुने फोन टाकून द्यायचे म्हणून कपाटातून काढून ठेवले होते, त्यात तुझा सतरा नंबर दिसला. तोच, वीस टक्के बॅटरी दाखवता दाखवता मान टाकणारा. तू त्याला म्हातारबा म्हणायचीस. म्हटलं, सध्या यावरच भागवू. ॲप टाकलं, नमुन्याच्या पेशंटचा रिपोर्ट उघडला, अर्धा वाचतेय तोच म्हातारबाने डोळे मिटले. वैतागून चार्जिंगला लावला, आणि काय मनात आलं कोण जाणे, ॲपला हातही न लावता आधी फोनच्या पोटातल्या सगळ्याची प्रत काढली. आणि ती तिथे होती. साळसूदासारखी बसली होती गं. नाव, आजार, पासवर्ड, तू सांगितलं होतंस अगदी तस्सं.

मी इतक्या जोरात ओरडले की रिसेप्शनवरच्या मॅडम जिना चढून धावत आल्या. त्यांना वाटलं मला शॉक बसला. त्यांना समजावून खाली पाठवलं आणि मग डोकं चालवलं. आपलं कुठे चुकत होतं ठाऊक आहे? आपण बघायला जायचो, तिथेच. आपल्याला वाटायचं, ॲप बंद केलं की फाईल पुसली जात असेल. छे. ॲपमधून नुसतं बाहेर पडलं, दुसरी स्क्रीन उघडली, की त्याच क्षणी ते सगळं आवरून मोकळं होतं. आईच्या चपलांचा आवाज आला की पोरं दंगा थांबवून पुस्तक धरून बसतात ना, तसं. आणि तपासणीला बसण्याआधी ॲपमधून व्यवस्थित बाहेर पडावे, हा नियम भिंतीवर लावला कुणी? मी. चार टाचण्या टोचून. तू मला बाई नियमावली म्हणायचीस तेव्हा मी फुगून बसायचे. म्हातारबा मेला म्हणून ॲपला आवरायला सवडच मिळाली नाही, एवढंच. शिवाय ते उघडताना पुन्हा एकदा केर काढतं, मागचं काही उरलं असेल तर तेही जातं. म्हणून ते उघडायच्या आत प्रत काढायची.

एकदा घडलं तर योगायोग म्हणतील, म्हणून मी मग चांगला फोन रिकामा करून घेतला. रिपोर्ट उघडा ठेवायचा, बटण दाबून धरायचं ते फोन काळाठिक्कर पडेपर्यंत, पुन्हा चालू करायचा, ॲपकडे ढुंकून बघायचं नाही, प्रत काढायची. अकरा वेळा केलं. अकरा वेळा फाईल मिळाली. मग केबल कॉम्प्युटरला आधीच जोडून ठेवली आणि ॲप चालू असतानाच तिकडून आत डोकावले. माझ्या डोळ्यांदेखत ती फाईल ओळीओळीने भरत होती. तू तिथे असायला हवी होतीस. असं काही दिसलं की तू खुर्चीवरच मांडी घालून बसायचीस आणि कुणालाही कळणार नाही इतक्या भराभर बोलायचीस. मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून दोनदा तोंड उघडलं आणि दोन्हीदा मिटलं.

आता ती दुसरी गोष्ट. ती लिहिताना मघासारखं भराभर लिहवत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीचा जो कागद निघाला, त्यावर "फाईल आढळली नाही" असं लिहिलंय आणि खाली सही माझी आहे, हे तुला माहीतच आहे. त्या आठवड्यात नियमाप्रमाणे मी तीस वेळा तपासलं आणि तीस वेळा खरोखरच काही आढळलं नाही. इतके दिवस मी स्वतःला हेच ऐकवत आले. तीस वेळा बघितलं, नाही दिसलं, माझा काय दोष? पण आज ती फाईल समोर आली आणि मला आनंद झाला, धक्का मात्र बसला नाही. पाहिल्या पाहिल्या ओळखली मी. जी कधी पाहिलीच नाही ती ओळखू कशी येईल?

पाहिली होती मी. त्या दुपारी म्हातारबा बंद पडून चालू झाल्यावर तू मला हाक मारलीस, खुर्ची ओढून मी तुझ्या शेजारी बसले, आणि स्क्रीनवर ती ओळ न् ओळ वाचली. तू आनंदाने साहेबांना बोलवायला पळालीस, आणि ते आल्यावर त्यांना नीट दाखवावं म्हणून ॲप पुन्हा उघडलंस. तिथेच घात झाला, सगळं पुसलं गेलं. साहेब माझ्याकडे वळले आणि विचारलं, तू पाहिलंस का? माझी नोकरी कायम व्हायची होती, बाबांचं ऑपरेशन तोंडावर होतं, आणि कंपनी साहेबांची जुनी ओळखीची. मी म्हणाले, मी नीट पाहिलं नाही. तू माझ्याकडे एकदा बघितलंस. नंतर चौकशीत तुला थेट विचारलं, आणखी कुणी पाहिली का, तेव्हाही तू नाही म्हणालीस. माझ्या बाबांसाठी तू खोटी ठरलीस. ते आता रोज सकाळी फिरायला जातात आणि मधूनच विचारतात, तुझी ती मैत्रीण हल्ली येत का नाही?

दोन वाजता मी रिपोर्ट साहेबांना दिला. तिसऱ्या पानावर लिहिलंय की ही फाईल सर्वांत आधी तू शोधलीस, ती त्याच दिवशी मीही पाहिली होती आणि विचारल्यावर मी खोटं सांगितलं. साहेबांनी ते पान दोनदा वाचलं. म्हणाले, हा परिच्छेद काढला तरी रिपोर्ट पुरा होतो, फाईल सापडली हे पुरेसं आहे. मी म्हटलं, माझ्यापुरतं नाही. मग ते म्हणाले, ती स्वतः सांगेपर्यंत मी हे खरं धरणार नाही, उद्या सकाळी दहाला तिला फोन करतो. माझं पुढे काय होईल ते होवो, त्याची तयारी आहे. भीती आहे ती तुझी, कारण मी तुला ओळखते. तू पुन्हा मला पाठीशी घालशील, म्हणशील, जाऊ दे, तिने नसेल पाहिलं. म्हणून हे पत्र आज तुझ्या हातात पडायला हवं. माफ कर की करू नकोस, ते तू तुझ्या सवडीने ठरव. पण उद्याचा फोन उचल. त्या दुपारी फाईल आणखी कुणी पाहिली होती, असं साहेब विचारतील. या वेळी माझं नाव घे.

तुझीच,
नियमावली