राहू दे चालू

प्रिय पेन्सिल,

पत्र घरी न येता वाचनालयात आलं म्हणून दचकू नकोस. गुडघा सोडला तर मी धडधाकट आहे. वाचनालयातल्या बाईंना मी फोन करून विचारलं, तुमच्याकडे दर आठवड्याला एक उंच, काठीसारखी बाई येते, पुस्तक घ्यायच्या आधी त्याचं शेवटचं पान वाचते, तिच्यासाठी पत्र पाठवलं तर ठेवाल का? त्या लगेच म्हणाल्या, ओळखते की. किती नाव कमावलंयस बघ. घरच्या पत्त्यावर का नाही पाठवलं ते सांगणार आहे, पण जरा वळसा घालून. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. आणि कृपा करून या पत्राचंही शेवटचं पान आधी वाचू नकोस.

तीनेक आठवड्यांपूर्वी मी मोबाईलच्या दुकानात गेले होते. आपला डेटा दुपारीच संपायचा ना, त्यासाठी. गेले कित्येक दिवस तेच चाललं होतं. सकाळी व्हिडिओ कॉलवर तू स्वच्छ दिसायचीस, म्हणजे निम्मा कान, पंखा आणि खिडकीचा पडदा एवढं. माझं जेवण होईपर्यंत तुझे चौकोन चौकोन व्हायचे आणि मग तू एकदम थिजायचीस, एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड उघडं. सांगायला नको होतं, पण फार वाईट दिसतेस. मी मात्र त्या थिजलेल्या चित्राकडेही बघत बसायचे, ते पुसून जाईपर्यंत. त्यानंतर घर फार मोठं व्हायचं. दोनच खोल्या आहेत, पण दुपारनंतर एका खोलीतून दुसरीत जायला मला कारण शोधावं लागायचं.

ही दिवसभर फोन चालू ठेवायची आपली खोड कोणाला सांगायची सोय नाही. लोक म्हणतील, दोन म्हाताऱ्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय. ती सुरू कशी झाली आठवतं? तू मुलाकडे राहायला गेलीस त्या पहिल्या आठवड्यात आपण तास न् तास बोललो आणि एके दिवशी बोलणंच संपलं. मी म्हटलं, ठेवू का? तू म्हणालीस, "राहू दे चालू. मी आपली जुनी शिवण उसवत बसते." मी साखरेच्या डब्याला फोन टेकवला आणि इस्त्री करायला घेतली. मला लगेच मिशनच्या हॉस्टेलमधला अभ्यासाचा तास आठवला. लांबलचक टेबल, समोरासमोर आपण दोघी आणि घंटा होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. सिस्टरच्या किल्ल्यांचा आवाज जवळ आला की आपल्या माना खाली, लांब गेला की वर. बोलणं शून्य, पण समोर कोणीतरी आहे एवढ्यावर माझं गणित सुटायचं. तू बारीक म्हणून पेन्सिल आणि मी गोल, बुटकी आणि कायम तुझ्या मागे, म्हणून खोडरबर. ती नावं सिस्टरनीच ठेवली होती. बाकी त्या शिक्षा करण्यात पटाईत, पण नावं मात्र प्रेमाने ठेवायच्या.

तर दुकान. काउंटरवर एक मुलगी होती, नखं पार कुरतडलेली. आधी तिने मला आजी म्हटलं, मग माझं तोंड बघून मावशीवर आली. तिने मला एवढे प्लॅन दाखवले की दातांच्या दवाखान्यात मी जन्मभर कवळ्यांचे प्रकार समजावत आले, तेव्हा समोरच्याला काय वाटत असेल ते मला आत्ता कळलं. एकात रोजचा ठरावीक वाटा, आणि तो हॉस्टेलच्या लोण्यासारखा, आज उरला म्हणून उद्या दुप्पट मिळायचा नाही. एकात महिन्याचा ढीग एकदमच, हवा तसा उपसा. एकात रात्री हवं तेवढं फुकट. मी म्हटलं, रात्री आम्ही झोपतो गं. आणि एक वर्षाचा प्लॅन. पैसे एकदम भरायचे, पण महिन्याचा हिशोब काढला तर तोच सगळ्यात स्वस्त. "मावशी, वर्षाचाच घ्या, जास्त वापरणाऱ्याला तोच परवडतो," असं ती अगदी सहज म्हणाली. आपल्या वयात वर्षाचं काही घेताना मी हल्ली थबकते. आताशा लोणचंही लहान बरणीतलं आणते.

मग तिने विचारलं, तुम्हाला एवढा डेटा लागतो कशाला? मी सिनेमे बघते म्हणून ठोकून दिलं. तिने माझा फोन घेतला, दोन-तीनदा बोट फिरवलं आणि म्हणाली, "मावशी, सिनेमे नाहीत हे. सगळं एकाच नंबरवर जातंय." मला का कोण जाणे, चोरी पकडल्यासारखं झालं. मैत्रीण आहे, एवढंच सांगितलं. तिने पुढे काही विचारलं नाही, उलट माझे पैसेच वाचवले. चित्र बंद करा, नुसता आवाज ठेवा, म्हणाली. आवाजाला डेटा फार थोडा लागतो. आत्ता आहे त्यातच दिवस निघेल, वर थोडा उरेल. तुम्हाला कुठे नवा प्लॅन घ्यायचाय!

मी खूश होऊन घरी आले आणि तुला सांगितलं. तूही लगेच कबूल झालीस. मला वाटलं, केस विंचरायचा त्रास वाचला म्हणून.

पहिले दोन-तीन दिवस फार सुखाचे गेले बघ. चित्र होतं तेव्हा मी नुसतं बघायचे, ऐकायचे नाही. आता ऐकू लागले. पडद्याच्या कड्या सरकल्या की कळायचं, ऊन आलं. चमचा वाजला की गोळी घेतलीस. तुझं ते शिंकायच्या आधी तीनदा श्वास घेणं. मी इकडे शब्दकोडं सोडवत असायचे आणि एखादा शब्द अडला की मोठ्याने विचारायचे. तू उत्तर द्यायचीस, तेही बहुतेक चुकीचं.

मग तू उत्तर देईनाशी झालीस. मला वाटलं, डुलकी लागली असेल. पण हळूहळू लक्षात आलं. चित्र चालू असताना फोन उजळलेला असायचा, आता आवाजावर असताना तो काळा पडतो आणि तुझ्या विस्मरणात जातो. खिडकीत ठेवलेली एखादी वस्तू होतो. आणि मी मात्र त्या वस्तूच्या आत बसलेली.

आता जे लिहिते आहे त्याबद्दल तुला राग आला तर येऊ दे. मला तिथेच फोन बंद करता आला असता, पण मी केला नाही.

तुझ्या खोलीत दिवसभर कोणी बोलत नाही. आधी मला वाटलं, माझाच फोन बिघडला. नातवंडं शाळेतून आलेली ऐकू येतात, लांबवर, दाराच्या पलीकडे. जिन्यावर धावतात. तुझ्या दाराशी पावलं थांबत नाहीत. दुपारचं ताट येतं, टेबलावर ठेवल्याचा आवाज होतो, ठेवणारीची चप्पल परत जाते. एकदा तुझा मुलगा आला होता. मऊ आवाजात बोलला, पूर्वीसारखाच गोड आहे तो. "आई, लोक यायचेत जेवायला. तू आतच बस हं." आणि तू म्हणालीस, "आतच आहे रे."

मी त्यांना नावं ठेवत नाही. मुलगा वाईट नाही, सून तर नाहीच. तुला फळं कापून मिळतात, औषध वेळेवर मिळतं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती रजा काढून तुला घेऊन जाते. कोणी वाईट असतं तर मला भांडता तरी आलं असतं. तुझं शिलाई मशीन त्यांनी विकलं तेही जागा नाही म्हणून, आणि ती खरोखरच नाही. सगळ्यांचं सगळं बरोबर आहे आणि तू आत बसलेली आहेस.

पण मला लिहायला लावलं ते याने नव्हे. गेल्या आठवड्यात, दुपार कलताना, तू बोलायला लागलीस. मला वाटलं माझ्याशीच, म्हणून मी ओ दिली. पडद्याआडच्या फोनमधून तुला ती ऐकू गेली नाही. तू म्हणत होतीस, आज काय गंमत झाली, धाकटा आला आणि म्हणाला आजी, मला बटण लावायला शिकव. मग थांबलीस. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीस. दुसऱ्या खेपेला धाकट्याच्या जोडीला मोठीही आली. तिसऱ्या खेपेला तू मध्ये हसलीस, आणि ते हसू बरोबर बसलं नाही म्हणून परत हसून बघितलंस. अगं, स्नेहसंमेलनात एक ओळीचं काम मिळालं होतं तेव्हासुद्धा तू एवढी तालीम केली नव्हतीस.

संध्याकाळी आपली बोलायची वेळ झाली तेव्हा तू तीच बटणाची गोष्ट मला सांगितलीस. हसूही जिथल्या तिथे आलं. मीही हसले. बरी हसले असणार, कारण तू खूश झालीस. फोन ठेवल्यावर मी किती तरी वेळ इस्त्रीच्या कपड्याची टेबलावरची घडी उलगडून परत घालत बसले.

मला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं सांगू? तू ती तालीम माझ्यासाठी करत होतीस. मला काळजी नको म्हणून. आणि मी तरी काय करते? माझ्या वरच्या मजल्यावरच्या बाई रोज सकाळी, आपला फोन लागायच्या आधी, चहाला येतात, त्यांच्या सुनेच्या तक्रारींनी माझे कान किटतात, हे तू रोज ऐकतेस ना? त्या थंडी संपायच्या आधीच मुलीकडे राहायला गेल्या. कायमच्या. वरची खोली बंद आहे. त्यांच्या सुनेच्या तक्रारी मी सकाळी चहा गाळताना रचते. चांगल्या जमतात.

हे फोनवर बोलता आलं नसतं. एकतर दाराबाहेर कोणी ऐकेल आणि त्या बिचाऱ्यांना उगाच लागेल. आणि दुसरं, तू हसून उडवून लावलं असतंस. तुझं ते हसू कसं तयार होतं हे कळल्यावर मला ते आता ऐकवणार नाही. म्हणून घरच्या पत्त्यावर नाही आणि म्हणून पत्र.

माझ्याकडे दोन खोल्या आहेत. समोरच्या खोलीला सकाळपासून ऊन असतं, तिथे जुनं मशीन घेऊन टाकता येईल. भाडं तुझ्या पेन्शनला झेपेल, निम्मं तू देशील, कारण फुकट राहायला तू येणार नाहीस हे मला माहीत आहे. मुलाला सांग, खोडरबरला आता एकटीला जमत नाही, गुडघा दुखतो, कोणीतरी सोबत हवं. हे खोटं नाही. तुझ्यावर उपकार करायला बोलावत नाही गं, माझी दुपार सरत नाही म्हणून बोलावतेय. आल्यावर दिवसभर गप्प बसलीस तरी चालेल.

आज मी पुन्हा त्या दुकानात गेले आणि महिन्याचा, चित्रासकट दिवसभर पुरेल असा प्लॅन घेतला. मुलगी म्हणाली, मावशी, महाग पडेल, वर्षाचा घ्या. मी तिला म्हटलं, महिन्यानंतर सांगते. तू येणार असलीस तर मला फोन लागतोच कशाला. येणं जमणार नसेल, तुझ्या मनात नसेल किंवा मुलाला वाईट वाटेल असं वाटत असेल, तर या पत्राचं उत्तरही देऊ नकोस. मी समजेन. जाऊन वर्षाचा प्लॅन घेईन, साखरेचा डबा सरकवून फोन नीट टेकवीन, आणि संध्याकाळी तू नातवंडांची जी गोष्ट सांगशील ती खरी मानून हसेन. कधी एका शब्दाने विचारणार नाही.

तुझीच,
खोडरबर