पूर्णेतला गठ्ठा

३ नोव्हेंबर

झालं! नात हात धुऊन समशेरच्या मागे लागली. एम.ए.च्या प्रकल्पाला प्राचीला दुसरा विषय मिळाला नाही — जुन्या स्वस्त रहस्यकथा! म्हणे, "आजी, पल्प म्हणजे लगदा. लाकडाच्या लगद्याच्या हलक्या कागदावर छापायचे, म्हणून तिकडं अमेरिकेत तसल्या पुस्तकांना तेच नाव पडलं." आणि लगेच, "हा समशेर नावानं लिहिणारा कोण असंल गं?"

समशेर मीच. सेलूच्या शाळेत मराठी शिकवायची आणि मधल्या सुट्टीत कागदावर मुडदे पाडायची. बारा पुस्तकं. घरात कुणाला पत्ता नाही.

४ नोव्हेंबर

जेवताना प्राचीने ह्यांनाच विचारलं! त्याच शाळेचे तेव्हाचे हेडमास्तर, अप्पाराव सर. "आबा, तुमी वाचला का समशेर?"

"लगदाच तो," म्हणाले. "पोरांच्या दप्तरात सापडला की कपाटात कुलूपबंद करायचो."

ह्यांच्या धाकानेच तर तेरावी कादंबरी अर्ध्यात सोडली. सत्तेचाळीस वर्षांचा संसार — आता कळलं तर तोंड बघतील का माझं?

५ नोव्हेंबर

लय वाईट बातमी. पूर्णा गावच्या, माझी पुस्तकं छापणाऱ्या छापखानेवाल्याच्या माळ्यावर समशेरच्या हस्तलिखितांचा गठ्ठा निघाला. प्राची उद्या जायलीय. माझं अक्षर ती ओळखणारच, किराण्याची यादी माझ्याच हातची असते!

झरी गावी आश्रुबाला फोन लावला. शाळेचा जुना शिपाई. माझे दोऱ्याने बांधलेले कागद तोच पूर्णेला न्यायचा. "बाई, आईची आन! सरांना मी एक शब्द बोललो न्हाई." तेवढाच धीर आला.

६ नोव्हेंबर

सकाळच्या गाडीने गेली. भाजीत दोनदा मीठ पडलं. हे मात्र निवांत पेपर वाचायलेत.

६ नोव्हेंबर, संध्याकाळ

प्राचीने गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. माझंच अक्षर. आणि पानापानावर लाल शाई! बरोबरच्या खुणा, खाली तारीख घालून ह्यांची सही — वह्या तपासायची मेली सवय. आश्रुबा बोलला नाही, पूर्णेला नेण्याआधी ह्यांना नुसतं दाखवत गेला.

बाराव्या पुस्तकाच्या शेवटी शेरा आहे: "उत्तम. खुनी शेवटपर्यंत कळला नाही. तेरावी केव्हा?"