टोपीवाल्या बदकांचा तागा

चिरंजीव भाऊजींस,

वहिनीचे भरघोस आशीर्वाद. नमस्कार तुम्ही करायचा असतो, तो पोचला असं धरून पुढे लिहिते. कंबर कशी आहे? खुर्चीतून उठताना अजून पूर्ण "आई गं" म्हणावं लागतं, की आता नुसत्या "आ"वर भागतं? इकडे तुमचे बंधुराज ठणठणीत आहेत. फक्त त्यांचे सगळे बनियन सध्या काळपट झालेत, त्याचं कारण पुढे येईल. पत्राला तसं काही निमित्त नाही, सहज लिहितेय. सोबतचं पार्सल मात्र पत्र संपेपर्यंत उघडायचं नाही. (उघडलं असेल तर पुन्हा बांधा आणि मग पुढे वाचा.)

आमच्या शिवणमंडळाला तुम्ही दुकानातून पडद्याच्या कापडाचा अख्खा तागा पाठवलात, त्याबद्दल आधी आभार. मंडळ म्हणजे मी, निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आणि बेकरीवाली, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. आम्ही शिवतो ते कोपऱ्यावरच्या निळ्या दाराच्या घरातल्या मुलांसाठी. तिथल्या काकू आणि काका, ज्या मुलांना बघायला घरचं कुणी नाही, किंवा आहे पण सध्या जमत नाही, अशा मुलांना आपल्या घरात वाढवतात. दारावर पाटी नाही की मुलांना एकसारखा वेष नाही. मुलं सगळ्यांच्या शाळेत जातात आणि सगळ्यांच्या काचा फोडतात. काकूंची आम्हाला एकच अट होती, की कपडे बघून कुणाला कळता कामा नये ही मुलं कुठल्या घरातली. आम्ही छाती पुढे काढून हो म्हटलं होतं.

आणि तुमचा तागा आला. भाऊजी, तुम्ही जन्मात पांढऱ्या शर्टाखेरीज काही अंगाला लावलं नाही, मग हे कापड तुमच्या दुकानात शिरलंच कसं? जांभळ्या जमिनीवर केशरी बदकं, प्रत्येकाच्या डोक्यावर हिरवी टोपी, आणि बदक एवढं थोरलं की लहान मुलाच्या सदऱ्यात ते मावेना. पण वीण घट्ट, कापड टिकाऊ, आणि आमच्या अंगात उत्साह नुसता सळसळत होता. सगळ्यात धाकट्याच्या वाट्याला फक्त चोच आली. एकाच्या चड्डीवर बदकाचं तोंड बरोबर मागे आलं, त्यामुळे तो बसला की आम्हालाच गुदमरायला व्हायचं. बेकरीवाली तर काजं करता करता हसून मशीनवर डोकं टेकायची. एका ताग्याचे कपडे एकाच घरातल्या सगळ्या मुलांना घातले की काय होतं, हे मात्र तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. (मुख्याध्यापिकाबाईंनी आयुष्यभर गणवेश तपासलेत, हे विशेष.)

व्हायचं तेच झालं. सकाळी निळं दार उघडलं आणि बदकांची रांग बाहेर पडली. तोवर गल्लीत कुठलं पोर कुणाचं हे कुणी बघत नव्हतं. त्या दिवशी गल्लीतल्या कुत्र्यालाही कळलं. संध्याकाळपर्यंत मुलांचं नाव "दानातली बदकं" पडलं. बाकीच्यांनी ते हसण्यावारी नेलं, पण ठिणगीने नाही. (ठिणगी हे मी ठेवलेलं नाव. पोरगी नऊ-दहा वर्षांची, पण जीभ माझ्या कात्रीपेक्षा धारदार, आणि पळण्यात तिला गाठणारं गल्लीत कुणी नाही.) तिने फ्रॉक गादीखाली सारला, खेळायला जाणं बंद केलं, आणि आमच्या खोलीत येऊन फार शहाण्यासारखं सांगितलं, "फ्रॉक छान शिवलाय. मापातही आहे. पण मी घालणार नाही." रडली असती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, भाऊजी.

मी लगेच माझ्या चांगल्या निळ्या पलंगपोसाचा तिला साधा फ्रॉक शिवला. झोकात बसला. पण निळ्या फ्रॉकमध्येही पोरं तिला बदकच म्हणत राहिली. उरलेलं कापड मी पिंपात घालून काळं रंगवायला घेतलं. जांभळी जमीन काळी झाली, बदकांनी रंग काही धरला नाही, उलट ती आता अंधारातून चालून आल्यासारखी दिसायला लागली. रंग धरला तो पिंपाच्या तळाशी आधीपासून भिजत घातलेल्या तुमच्या बंधुराजांच्या बनियनांनी. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "नाव पुसता येत नाही. वाटून टाकता येतं."

झालं, आम्ही वाटायला बसलो. (तुमचा तागा संपता संपत नव्हता. त्यात खाली आणखी एक गुंडाळून तुम्ही दुकान मोकळं करून घेतलंत, असा माझा दाट संशय आहे.) बेकरीवालीने स्वतःला बदकांचा एप्रन केला. दातांच्या डॉक्टरांना पडदे दिले; ते म्हणतात, पडदे पाहून पेशंट आपणहून तोंड उघडतो. पोस्टमनला पिशवी दिली. मुख्याध्यापिकाबाईंनी बदकांचा घोळदार झगा घातला आणि असा चेहरा ठेवून भाजी आणायला गेल्या, की कुणाची हसायची टाप झाली नाही. बंधुराजांनी आधी हात वर केले, मग पायजम्यावर तडजोड झाली, आणि आता ते पायजम्यात फिरायला जातात नि शिंपी कोण विचारलं की माझं नाव सांगतात. चिडवणारी पोरं परवा स्वतःच चड्ड्यांची मापं द्यायला आली. गल्लीत आता कुणाला बदक म्हणायची सोय उरलेली नाही, कारण म्हणणारा स्वतःच्या पोटाकडे बघतो आणि गप्प होतो.

फक्त ठिणगी बधली नाही. आमच्या खोलीत येते, बटणं लावते, भरपूर बोलते, आणि घरी जाताना मागच्या बोळातून जाते. रविवारी शाळेच्या मैदानावर धावण्याची शर्यत आहे, तिचं नाव दिलेलं आहे, पण ती म्हणते मी घराबाहेर पडणार नाही. काकू हवालदिल झाल्यात. मलाही रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, कारण दोष ठिणगीचा नाही, बदकांचाही नाही, आमचा आहे.

असो. बाकी क्षेम आहे. तुमच्याकडून मला काही नको. कंबर शेका.

तुमची,
वहिनी

ता. क. एक सांगायचं राहिलं. ठिणगीने बटण लावता लावता विचारलं, "हे कापड दिलं कुणी?" म्हटलं, माझ्या दिरांनी, त्यांचं मोठं दुकान आहे. तर म्हणाली, "ते स्वतः घालतात?" आता यावर मी काय बोलणार? मी म्हटलं, "रोज." तेव्हा आता पार्सल उघडा. बुशशर्ट आहे. रविवारी सकाळच्या गाडीने या.

दुसरा ता. क. माप चुकणार नाही, जाऊबाईंनी पाठवलंय. तुमचे सगळे पांढरे शर्ट सोमवारपर्यंत धोब्याकडे आहेत, हेही त्यांनीच कळवलंय. त्यांच्यावर चिडू नका, त्यांचा झगा तुमच्या पार्सलातच खाली आहे.

तिसरा ता. क. छातीवरचं अख्खं बदक ठिणगीने स्वतः निवडलंय, ताग्यातलं सगळ्यात मोठं. बटणंही तिनेच लावलीत. वरचं जरा वाकडं आहे, ते उसवून नीट लावू नका. शर्यतीत पळेन असं तिने अजून कबूल केलेलं नाही. "आधी बघते" एवढंच म्हणाली. सकाळपासून ती निळ्या दाराच्या वरच्या खिडकीत बसणार आहे. तेव्हा कितीही थंडी असली तरी, भाऊजी, वरून कोट घालू नका.