अकरा भांडी, एकही नाव नाही

२२ जून, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. खरं तेच लिहायचं, कारण वाचणारा मीच. मतदारसंघांचा नकाशा बदलला आणि अमेरिकी संसदेतल्या, म्हणजे काँग्रेसच्या आमच्या जागेत मिनियापोलिसला ऑस्बर्ग काउंटी जोडली गेली. शहरात मी, तिथला नगरसेवक, आणि माझ्याच पक्षाची कॉलीन ब्रॅन्डवोल्ड अगदी बरोबरीत. ११ ऑगस्टच्या प्रायमरीत पक्षाची उमेदवारी कुणाला, ते आता ही शेतकऱ्यांची काउंटी ठरवणार. माझी प्रचारप्रमुख रेनाटा म्हणाली, तिकडे भाषणं नकोत, फक्त ऐक. मी मुळातच ऐकणारा माणूस आहे, हे तिला उदाहरणांसह समजावलं. पुढेही ती काहीतरी सांगत होती.

संकल्प: भेटेल त्या प्रत्येकाचं नाव आणि त्याची गोष्ट लक्षात ठेवणे. बाकीचे मतं मोजतात. मी माणसं ओळखीन.

२५ जून, गुरुवार

लुंड टाउनशिप, काउंटीतली एक छोटी वस्ती. आर्डिस टॉलेफसन, वय एकोणऐंशी. चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरावर पन्नास वर्षं यांचं राज्य. माझ्या बुटांकडे बघून म्हणाल्या, दर दोन वर्षांनी कुणीतरी येतं बाबा, आणि बूट नेहमी नवेच असतात. मी मनापासून हसलो. (बूट मंगळवारी घेतले.)

निघताना हॉटडिश हातात दिलं. काचेचं जड भांडं, खाली कीमा, मटार, घट्ट रस्सा, वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर नाव. इथली रीतच आहे. भांडं ज्याचं त्याला आपण स्वतः नेऊन द्यायचं, म्हणजे पुन्हा भेट होते. किती सुंदर.

रात्रीच्या जेवणाचा प्रश्न सुटला.

२६ जून, शुक्रवार

कालचं शेवटचं वाक्य अर्धसत्य आहे. दूध, लोणी, चीज यांतलं काहीही मला बारा वर्षांपासून पचत नाही, आणि या भागात रस्सा म्हटला की दूध आलंच. आर्डिसबाईंना तसं सांगणं उद्धटपणा ठरला असता. काउंटीच्या हद्दीवरच्या पेट्रोल पंपावर भांडं रिकामं केलं. पण कचऱ्यात नाही, कंपोस्टच्या डब्यात. म्हणजे शेतातलं शेतात परत गेलं. तरी वाईट वाटलं. वाईट वाटतं, म्हणजे माणूस अजून बिघडलेला नाही.

२९ जून, सोमवार

आर्डिसबाईंचा फोन. कसं झालं होतं, विचारलं. मी म्हणालो, अप्रतिम. एका शब्दाने कुणाचं काय बिघडतं?

१० जुलै, शुक्रवार

नगरसेवकाला हॉटडिश फार आवडतं, असं काउंटीभर झालंय. ज्या घरी जाईन तिथे भांडं तयार. आज अकरावं. पंपावरचा माणूस आता मला बघून डब्याचं झाकण उघडून ठेवतो. त्याच्याशी शेतीमालाच्या भावावर बोललो. तोही मतदारच.

१३ जुलै, सोमवार

माझी घाण कर्मचाऱ्यांनी काढू नये, हे माझं तत्त्व. अकराही भांडी ऑफिसच्या डिशवॉशरमध्ये मी स्वतः लावली. बाहेर आली तेव्हा लखलखत होती. सगळ्या चिकटपट्ट्यांचा मिळून एक करडा लगदा जाळीत अडकला होता. त्यात ‘सन’ एवढंच वाचता आलं. इथे निम्म्या लोकांची आडनावं ‘सन’वर संपतात.

रेनाटाने विचारलं, कुठलं कुणाचं? मी म्हणालो, मला माणसं लक्षात राहतात. ती म्हणाली, मग प्रश्नच नाही, घाल भांडी गाडीत.

१६ जुलै, गुरुवार

निळं भांडं मर्लिन हाउगेनच्या बायकोचं, याबद्दल शंभर टक्के खात्री होती. मर्लिन भांड्याकडे बघत राहिला. म्हणाला, हे आमचं नाही, पण सोपं आहे, आत काय होतं ते सांग. वर मक्याचे दाणे असले तर जॉइसचं, बटाट्याऐवजी भात असला तर व्हायलेटचं. इथे आम्ही डोळे मिटून हात ओळखतो रे.

मी म्हणालो, सगळं इतकं एकजीव झालं होतं की वेगळं काढताच येईना.

मर्लिनने नजर भांड्यावरून शेताकडे वळवली. मग म्हणाला, सोयाबीन बरं आहे यंदा.

तसाच जॉइसकडे गेलो. तिनेही तेच विचारलं. भात असावा, म्हणालो. ती म्हणाली, असावा?

२१ जुलै, मंगळवार

भांडी पोचवण्याचा कार्यक्रम तूर्त स्थगित. टाळाटाळ नव्हे. लोकांना एकत्र आणण्याची ही संधी आहे, असं लक्षात आलं. रविवारची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या तळघरात लांब टेबल मांडायचं, त्यावर अकरा भांडी, कॉफी आणि मी. रेनाटा म्हणाली, सरळ माफी मागून मोकळा हो. ती शहरातली. खेड्यातल्या लोकांचा संकोच तिला कळत नाही. (मीही शहरातलाच, पण मी ऐकतो.)

२ ऑगस्ट, रविवार. दुपारी ३.४०

साठ माणसं आली. माझ्या प्रचारातली काउंटीतली सगळ्यात मोठी सभा. मी बोलायला उभा राहिलो तोवर भांडी उचलली जायला लागली होती. एकेकीने भांडं उलटं केलं, कुठे कपचा उडालाय ते अंगठ्याने चाचपलं आणि काखोटीला मारलं. पट्टीची गरजच नव्हती, ती माझ्यासाठी होती.

मग आर्डिसबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, माझ्या हॉटडिशमध्ये नेहमीपेक्षा काय वेगळं होतं, ते तरी सांग.

मी म्हणालो, चीज. काय सढळ हाताने घातलं होतं.



आर्डिसबाई म्हणाल्या, चीज नव्हतं त्यात. दूध नव्हतं, लोणीही नव्हतं. तुझ्या पोटाचं तुझ्या ऑफिसातल्या मुलीने फोन करून सांगितलं होतं. मी बाकी दहा जणींना कळवलं. व्हायलेटचा भात तीनदा बिघडला, तेव्हा कुठे जमला.

मग मी सगळं कबूल केलं. स्वतःहून. (तोवर सगळ्यांना कळलं होतं, पण कबुलीचे शब्द माझे होते.) पेट्रोल पंप, डबा, सगळं. कंपोस्टचा होता, हेही सांगितलं. मर्लिन म्हणाला, अरे, मग आमच्या डुकरांना तरी घालायचं होतंस. कुणी हसलं नाही. व्हायलेटने डोळे पुसले आणि भांडं घेऊन वर गेली.

आर्डिसबाई म्हणाल्या, बरं. कॉफी संपव, गार होतेय.

या ‘बरं’मध्ये क्षमा होती, असं मला वाटतं. गाडीत रेनाटा म्हणाली, मी फोन केलाय, बिनधास्त खा, हे तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा तू मला तू किती ऐकतोस ते सांगत होतास.

संकल्प: व्हायलेटला पत्र लिहिणे.

९ ऑगस्ट, रविवार

पत्राचे चार मसुदे झाले. प्रत्येकात तिसऱ्या ओळीपासून विषय मीच होतो. प्रायमरीनंतर लिहीन, म्हणजे मतासाठी लिहिलं असं वाटायला नको.

१२ ऑगस्ट, बुधवार

शहरात शेवटपर्यंत बरोबरी. काउंटीत कॉलीनला पाचातली चार मतं. उमेदवारी तिला. परवा मर्लिनकडे तिने दोनदा वाढून घेतलं, अशी बातमी आहे.

पण लुंड टाउनशिपचा आकडा बघून थबकलो. एकसष्ट मतांतलं एक मला. सकाळपासून त्याच मताचा विचार करतोय. त्या साठ जणांतलं कुणीतरी त्या तळघरातून घरी गेलं, विचार केला, आणि चुकणाऱ्या पण खरं बोलणाऱ्या माणसाच्या नावापुढे खूण केली. साठ हरलेल्या मतांपेक्षा हे एक मोठं आहे. एवढ्यासाठीही निवडणूक लढवावी.

१५ ऑगस्ट, शनिवार

आर्डिसबाईंचं कार्ड आलं. लिहितात की ते मत त्यांचं. जुलैच्या पहिल्या आठवड्यातच पोस्टाने पाठवलं होतं. चर्चमधल्या त्या रविवारनंतर, सोमवारी सकाळी, काउंटीच्या ऑफिसात जाऊन परत मागितलं, पण मुदत उलटून गेली होती म्हणे. टाउनशिपमध्ये लोक एकमेकांकडे संशयाने बघायला लागले, म्हणून त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलंय.