मार्लिन्स आउट होईपर्यंत

९ मे २०२०, शनिवार
आजपासून क्रिकेट बंद. कायमचं. तसं ते सध्या जगभर बंदच आहे, त्यामुळे निश्चय पाळणं सोपं जाईल.

कारण असं की क्रिकेट हे मंजिरीचं खातं होतं. मंजिरी म्हणजे बायको. फेब्रुवारीत गेली. टॉसला बोलायला सुरुवात करायची ती प्रेझेंटेशन संपेपर्यंत. सत्तावीस वर्षांत मला कॉमेंटेटरचा आवाज धड ऐकू आला नाही. मी मुळात कमी बोलतो. दोघांचं मिळून ॲव्हरेज बरोबर बसायचं.

आता नवीन खेळ हवा. तिचा काही संबंध नसलेला. कोरियात बेसबॉल सुरू झालाय, रिकाम्या स्टेडियममध्ये. एक मॅच बघितली. काहीही कळलं नाही. उत्तम.

१७ मे, रविवार
खुर्ची, हीटर (इथे हिवाळा जूनमध्ये लागतो), लॅपटॉप गॅरेजमध्ये हलवलं. ऑफिसचं कामही तिथूनच करणार. पॅरामॅटाचं ऑफिस बंदच आहे. कारण टेक्निकल आहे: गॅरेजमध्ये वाय-फाय चांगलं लागतं.

गॅरेजच्या शेल्फवर मंजिरीचा माशांचा तवा आहे. ती देवगडची, मी सदाशिव पेठेचा. लग्नानंतर तह झाला होता. मासे तळायचे, पण स्वयंपाकघरात नाही. पुण्यात गॅलरीत, इथे केलीव्हिलला गॅरेजमध्ये, शटर उघडं ठेवून. तव्याशेजारी तांब्याचा कलश, तोंडाला लाल फडकं बांधलेला. अस्थी घरात ठेवत नाहीत. गॅरेज घरात धरत नाहीत. इन्शुरन्सवाले धरतात, पण शास्त्र धरत नाही.

पंचवीस मार्चची तिकिटं होती. पुणे, तिथून देवगड. विमानं इकडून बंद झाली, तिकडूनही झाली. सुरू झाली की जाऊ. घाई नाही.

३१ मे, रविवार
नियम शिकतोय. बॅट्समनने मारला नाही तर त्याला ‘स्ट्राइक’ म्हणतात. म्हणजे सगळं उलटं. चार बॉल वाईट टाकले की बॅट्समनने फुकट चालत पुढच्या बेसवर जायचं. चोरीला परवानगी आहे. चोरीची आकडेवारीही ठेवतात.

दोन आठवड्यांत एक्स्पर्ट होईन असं दिसतं.

२८ जून, रविवार
अमेरिकेतलाही बेसबॉल जुलैत सुरू होतोय. फक्त साठ मॅच. मला एक टीम निवडायला हवी. भावनेच्या आहारी न जाता शास्त्रीय पद्धतीने निवड केली. एक्सेलमध्ये तीसही टीम टाकल्या, वेटेज दिलं. उत्तर बरोबर येईना, म्हणून वेटेज तीन वेळा बदललं. शेवटी मायामी मार्लिन्स आले.

मार्लिन हा एक मासा आहे. त्याचा निवडीशी काही संबंध नाही.

टोपी ऑर्डर केली.

१९ जुलै, रविवार
चिन्मयी आली होती. गुंगालिनहून तीन तास ड्राइव्ह करून. गॅरेजमध्ये उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, इथे बाहेरपेक्षा जास्त थंडी आहे. मी वाय-फायचं सांगितलं. तिने फोन काढला, बघितलं, म्हणाली, एक दांडी आहे. मी म्हटलं, स्थिर आहे.

मग तिने विषय काढलाच. विमानं या वर्षी उडणार नाहीत. आपण आईला इथल्याच समुद्रात सोडू या. मी म्हटलं, देवगड ठरलंय. ती म्हणाली, कोणी ठरवलं? आई काय म्हणाली होती ते मी पण ऐकलंय, मी पण हॉस्पिटलमध्ये होते.

मंजिरी म्हणाली होती, मुरली, मला त्या गंगेत-बिंगेत नको, तिथे माझ्या ओळखीचं कोणी नाही. खाऱ्या पाण्यात सोड. जन्मभर मी मासे खाल्ले, आता त्यांचा टर्न.

नर्सला वाटलं आम्ही रडतोय.

चिन्मयी म्हणाली, बाबा, समुद्र सगळा एकच असतो. मी म्हटलं, टेक्निकली बरोबर आहे. ती म्हणाली, मग कधी? माझ्या तोंडून निघून गेलं, बेसबॉलचा सीझन संपला की. ती म्हणाली, सीझन नाही, तुझी टीम आउट झाली की. कुठली टीम? मार्लिन्स, म्हटलं. तिने तिथल्या तिथे गूगल केलं. गेल्या वर्षी एकशे पाच मॅच हरलेत! आणि हसायला लागली. बऱ्याच महिन्यांनी हसली. म्हणाली, डन, टीम आउट झाली की त्याच वीकेंडला. हात मिळवले, मग सॅनिटायझर लावला.

पोरीला बेसबॉलमधलं काही कळत नाही. माझ्या मॉडेलप्रमाणे मार्लिन्स वर्ल्ड सीरीज (फायनल) खेळणार. म्हणजे ऑक्टोबरची अखेर. तोपर्यंत विमानं सुरू.

२५ जुलै, शनिवार
पहिली मॅच. जिंकलो! फिलाडेल्फियाला हरवलं.

प्रेक्षक नाहीत. काही मैदानांत खुर्च्यांवर पुठ्ठ्याची माणसं बसवतात आणि स्पीकरवर रेकॉर्ड केलेला आरडाओरडा लावतात. पुठ्ठ्याची माणसं चांगली वाटली. आरडाओरडा म्यूट केला.

२८ जुलै, मंगळवार
मार्लिन्समध्ये कोविड. बरेच खेळाडू पॉझिटिव्ह. मॅचेस रद्द. सगळे हॉटेलच्या खोल्यांत बंद.

चिन्मयीचा मेसेज: आउट? मी लिहिलं, पोस्टपोन. पोस्टपोन म्हणजे आउट नव्हे. तिने लिहिलं, तू आणि तुझी टीम, मेड फॉर ईच अदर.

कशाबद्दल म्हणाली कळलं नाही.

५ ऑगस्ट, बुधवार
अर्धी टीम बदलून मार्लिन्स परत आले. यातल्या काही जणांची नावं त्यांच्याच कोचला माहीत नसावीत. जिंकले.

शेल्फकडे तोंड करून सविस्तर समजावून सांगितलं: हा पिचर, म्हणजे बोलर, डावखुरा का, तो शॉर्टस्टॉप कुठे उभा राहतो, त्याला ‘शॉर्ट’ का म्हणतात (हे मला माहीत नाही, पण सांगितलं). शेजारचे धर्मपाल कुंपणापलीकडे कचऱ्याचा बिन बाहेर काढत होते. त्यांनी विचारलं, मुरलीभाऊ, कोणाशी बोलून राहिले? मी म्हटलं, ऑफिसचा कॉल. ते म्हणाले, मराठीत? मी म्हटलं, मल्टिकल्चरल टीम आहे.

७ ऑगस्ट, शुक्रवार
मार्लिन्स त्यांच्या गटात पहिले! चिन्मयीला स्क्रीनशॉट पाठवला.

पहाटेपासून गॅरेजमध्ये माकडटोपी, त्यावर मार्लिन्सची टोपी, पायावर घोंगडी. थंडी प्रकृतीला चांगली असते.

३० ऑगस्ट, रविवार
या वर्षीचा एक नवा नियम. बरोबरी होऊन मॅच लांबली की एक खेळाडू दुसऱ्या बेसवर फुकट उभा करतात. काही न कमावता. म्हणजे मॅच लवकर संपावी. मला हा नियम अजिबात पसंत नाही. लांबली तर लांबू द्यावी. कोणाचं काय जातं?

धर्मपाल दर रविवारी मासे पकडायला बोटीने जातात. कुंपणावरून म्हणाले, भाऊ, चिन्मयीचा फोन आला होता. बोटवाला ओळखीचा आहे, तुम्ही फक्त तारीख सांगा. मी म्हटलं, मार्लिन्स आत्ता फॉर्मात आहेत. ते म्हणाले, बरं. त्यांची बायको शांता कुंपणावरून डबा देऊन गेली. झुणका. डब्यावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं, गरम करून खा, गॅरेजात नको.

१० सप्टेंबर, गुरुवार
अटलांटाकडून हार. २९–९. क्रिकेटमध्ये एकोणतीस केल्याची लाज वाटते, इथे एकोणतीस दिल्याची.

चिन्मयीचा फोन. बाबा, ट्वेंटी-नाइन? हे आउट नाही का? मी समजावून सांगितलं की ही एक मॅच आहे, आणि शिवाय पितृपक्ष चालू आहे. ती म्हणाली, मग उलट बरंच की! मी म्हटलं, लगेच पुढे अधिक महिना लागतोय, त्यात अशी कामं करत नाहीत. ती म्हणाली, तू कधीपासून मानायला लागलास? सत्यनारायणाला तू शिरा खायला यायचास फक्त.

अधिक महिना असतो हे यंदाच कळलं. वर्षालाही एक्स्ट्रा इनिंग असते. शास्त्रात चांगली सोय आहे.

२६ सप्टेंबर, शनिवार
प्लेऑफ! मार्लिन्स प्लेऑफमध्ये! न्यूयॉर्कला हरवलं, तेही दहाव्या इनिंगमध्ये! त्या फुकटच्या दुसऱ्या बेसवाल्या नियमाबद्दल माझं मत बदललं आहे.

ओरडलो. मी. धर्मपाल शटर ठोकत आले, म्हणाले, काय झालं, पडले का? मी म्हटलं, जिंकलो. ते शेल्फकडे बघत राहिले. मग तवा बघून म्हणाले, वहिनींच्या हातचा तो मासा, काय सुटला होता वास. एकदा आम्ही मुद्दाम गवताला पाणी घालत उभे होतो. त्या दिवशी पाऊस होता.

मला हे माहीत नव्हतं. मंजिरीला असणार. तिने एक प्लेट नक्की दिली असणार.

३ ऑक्टोबर, शनिवार
शिकागोला दोन्ही मॅचमध्ये हरवलं. लोकांना आश्चर्य वाटतंय, मला वाटत नाही. मॉडेल.

चिन्मयी आलीये. लाँग वीकेंड. सकाळी चहा घेऊन गॅरेजमध्ये आली, दुसरी खुर्ची उघडून बसली. मला वाटलं भांडणार. ती म्हणाली, सांग, तो हातवारे का करतोय? सांगितलं. मग म्हणाली, चार वाईट बॉल टाकले की काय? मी म्हटलं, फुकट चालत जायचं. ती म्हणाली, आईला हे आवडलं असतं, आई रनर होतीच कुठे.

हसलो. मग बराच वेळ दोघंही मॅच बघत होतो. ती संपली होती.

७ ऑक्टोबर, बुधवार
अटलांटाशी पाच मॅचेस. पहिली हरलो, ९–५. काळजी नाही. अभ्यासाप्रमाणे पुढच्या तीन आपल्या.

८ ऑक्टोबर, गुरुवार
०–२. आता पुढच्या तिन्ही जिंकायला हव्यात. जिंकू.

ऑफिसच्या मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाली, मुरली, तुझा व्हिडिओ अडकतोय, अंगावर घोंगडी दिसतेय, आर यू ओके, मेट? मी म्हटलं, नो वरीज. कॉल कट झाला.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
०–७.

सगळं संपल्यावरही लॅपटॉप चालू ठेवला. कधी कधी निर्णय बदलतात. रिव्ह्यू असतो.

चिन्मयीचा मेसेज आला नाही. वाट बघितली. शेवटी मीच लिहिलं: आउट. ती लगेच म्हणाली, निघते. मी लिहिलं, अधिक महिना आहे. तिने लिहिलं, बाबा. मी लिहिलं, ये.

धर्मपालांना रविवार सांगितला.

११ ऑक्टोबर, रविवार
पिटवॉटरहून बोट. मी, चिन्मयी, धर्मपाल आणि एक जाडा बोटवाला. मी दोन मिनिटांचं भाषण पाठ केलं होतं. चार मुद्दे.

बोटवाल्याने माझी टोपी बघितली आणि म्हणाला, मार्लिन? आज नाही मिळणार, मेट. पाणी अजून गार आहे. जानेवारीत या. मी म्हटलं, नो वरीज. चिन्मयीने तोंड दुसरीकडे फिरवलं. खांदे हलत होते. हसत होती की काय, वाऱ्यात कळलं नाही.

खाडी संपून खुला समुद्र लागला तिथे थांबलो. कलशाची गाठ सुटेना. मीच बांधली होती, इंजिनिअरची गाठ. नखं लावून बघितली, दात लावून बघितले. धर्मपाल म्हणाले, भाऊ, घट्ट बांधली जी! आणि खिशातून माशांची सुरी काढून दिली. चिन्मयी म्हणाली, आईला हीच सुरी आवडेल. कापली.

वाऱ्याकडे पाठ केली. भाषणाचे चारही मुद्दे गेले. म्हटलं, मंजिरी, देवगड नाहीये, पण पाणी खारं आहे. मी चाखून बघितलंय. खरंच बघितलं होतं, बोटीत चढताना.

मासे दिसले नाहीत. असतील.

येताना धर्मपालांनी गळ टाकला. एक फ्लॅटहेड लागला. तो आमच्या हातात ठेवला, म्हणाले, वहिनींच्या नावाचा.

घरी आल्यावर तवा खाली काढला. गॅरेजच्या शेगडीतला गॅस संपलेला. तवा स्वयंपाकघरात आणला. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. चिन्मयी दारात उभी राहून बघत होती. हळद, तिखट, मीठ लावलं, तांदळाच्या पिठात घोळवला. मला वाटलं होतं बघून बघून येत असेल. धूर झाला. स्मोक अलार्म वाजला. मी खुर्चीवर चढून टॉवेल हलवत होतो, चिन्मयी ओरडत होती, बाबा, उलथ, उलथ! कुंपणापलीकडून धर्मपाल, मुरलीभाऊ, मारला का होम रन?

चिन्मयीने करपलेली बाजू काढून खाल्ला. म्हणाली, आईचा असा नसायचा. परत घेतला.

मी खाल्ला नाही. एक तुकडा फक्त.

१३ ऑक्टोबर, मंगळवार
चिन्मयी काल गेली.

गॅरेजमध्ये वाय-फाय अगदीच वाईट आहे. आज लक्षात आलं. लॅपटॉप, खुर्ची, हीटर हॉलमध्ये आणला. तवा धुऊन ओट्याखाली ठेवला.

अटलांटा आणि लॉस एंजलिसची मॅच लावली. माझी टीम नाही, त्यामुळे तटस्थपणे अभ्यास करता येईल. पहिलाच पिचर आला आणि तो डावखुरा आहे की उजवा, हे सांगायला मी तोंड उघडलं.

मग म्यूट काढला.

कॉमेंटेटर फार बोलतो. चालेल.